दाब मोजायची पट्टी
हृदयाजवळच्या रक्तवाहिनीत बसवायचं आणि आतला दाब बाहेर कळवणारं मण्याएवढं यंत्र परवा डॉक्टर भाचीने मला चित्रात दाखवलं, आणि उमरखेडच्या दवाखान्यातले आमचे डॉक्टर आठवले. मी तिथे नर्स होते. गिळली की पोटातला दाब सांगणारी गोळी परदेशात निघाल्याचं ते एकदा ऐटीत सांगत होते, तेवढ्यात दिवस भरत आलेली एक बाई नवऱ्याच्या आधाराने आत आली. नवरा म्हणाला, "साहेब, हिचं डोस्कं लय दुखून राह्यलं, पायबी सुजले." डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही ते नवे बौद्ध ना?" आणि खुर्ची मागे सरकवली. "सिस्टर, डोकेदुखीच्या गोळ्या द्या आणि पाठवा यांना." दाब मोजायची पट्टी त्यांच्या हाताशीच होती. ती मी बाईच्या दंडाला बांधली, तर दाब आई-बाळाच्या जिवावर बेतेल एवढा चढलेला. त्यांना न विचारता मी तिला मिळेल त्या जीपने पुसदच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बाई वाचली, तिथे जन्मलेली तिची मुलगीही वाचली. परतल्यावर डॉक्टर म्हणाले, "ती पट्टी आधी फिनाइलने धुवा." मी ती न धुताच स्वतःच्या दंडाला बांधली, सोडली आणि विचारलं, "आता तुमचा दाब मोजू?" त्यांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. एवढा शिकलेला माणूस कापडाच्या पट्टीला भ्याला. त्याची मला आजही कीव येत नाही, किळस येते.