मामांची रायफल आणि निरीक्षणाखालची हरणं

कार्डिफच्या उत्तरेला डोंगरउतारांवर राहणाऱ्या तमाम हरणांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझ्या बायकोच्या मामांनी शिकारीची रायफल घेतली ही बातमी खरी आहे. रायफल जुनी होती, पण चालू स्थितीत होती. तिच्यातलं एकेक काडतूस मामांनी स्वतःच्या हातांनी भरलेलं होतं. तरी हरणांनी घाबरून जाऊ नये आणि चरणं चालू ठेवावं. खुलासा खालीलप्रमाणे.

मामांइतका सावध माणूस पृथ्वीच्या पाठीवर आजवर झालेला नाही. ते भूलतज्ज्ञ. छत्तीस वर्षं त्यांनी कार्डिफच्या एका मोठ्या हॉस्पिटलात माणसं झोपवली आणि परत उठवली. "झोपवणं कुणालाही जमतं हो," असं ते म्हणतात, "आपल्या मंडळाचे वक्ते नुसत्या तोंडाने झोपवतात. आम्हाला पगार होता तो उठवायचा." या पेशाने त्यांच्या हाडांत जी सावधगिरी मुरली ती रिटायर झाल्यावरही निघाली नाही. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते शेवटचं कधी खाल्लं ते विचारतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा बघायला म्हणून ते लंडनला, हॅरोत आमच्या घरी आले. नोकरी, शिक्षण, पगार यांपैकी काहीही न विचारता मला म्हणाले, "आ करा. मोठा. आता मान मागे." मी केली. ते माझ्या घशात बघत राहिले. मग माझ्या होणाऱ्या सासूबाईंकडे वळून म्हणाले, "एअरवे, म्हणजे श्वासाची वाट, उत्तम आहे. बाकीचं तू बघ."

असा माणूस रायफल घेतो म्हणजे काय, याचा मी पुष्कळ विचार केला. लहानपणी साताऱ्याला रविवारी सकाळच्या खेळाला लागणारे घोडेवाल्यांचे इंग्रजी सिनेमे, एवढंच कारण त्यांनी कधी सांगितलं असेल. त्या सिनेमांत रायफलच्या खाली एक कडी असते. ती खट्कन पुढे ढकलून मागे ओढली की नवं काडतूस आत जातं. मामांनी साठ वर्षं ती कडी मनात ओढली. रिटायर झाल्यावर त्यांनी पोलिसांकडे सर्टिफिकेटसाठी अर्ज केला, स्वतःच्या जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, स्वतःच्या मनःस्वास्थ्याचं पत्र आणलं, भिंतीत बोल्ट मारून लोखंडी कपाट बसवलं आणि ह्यू नावाच्या एका शेतकऱ्याकडून त्याच्या जमिनीवर हरणं मारण्याची लेखी परवानगी घेतली. हे शेवटचं महत्त्वाचं. इथे हौस म्हणून रायफल मिळत नाही, सबळ कारण लागतं. मामांच्या सर्टिफिकेटवर ते कारण एका शब्दात लिहिलेलं होतं: हरणं.

खरेदीच्या दिवशी मी बरोबर होतो. ब्रेकनच्या बाजूला एका छोट्या गावातलं दुकान, दुकानदार जाडजूड, अबोल. त्याने कपाटातून ती रायफल काढून काउंटरवर ठेवली आणि मामांनी खिशातून टॉर्च काढला. पुढची पन्नास मिनिटं जे चाललं त्याला दुकानाच्या भाषेत शब्द नाही. हॉस्पिटलच्या भाषेत त्याला ऑपरेशनपूर्व तपासणी म्हणतात. वय काय? आधीचे मालक किती? पूर्वी कधी काही बिघाड? नळीच्या आत टॉर्च मारून त्यांनी, "जरा खोल श्वास..." एवढं म्हटलं आणि ते स्वतःच थांबले. लाकडी दस्त्यावर एक लांब ओरखडा होता, त्यावर बोट फिरवत म्हणाले, "जुनी जखम. भरलीये छान." शेवटी त्यांनी दुकानदाराला विचारलं, "आधीचे मालक धूम्रपान करायचे का?" दुकानदाराने मान वर केली, मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय सौम्य आवाजात सांगितलं, "पाइप, सर. पण घराबाहेर." मामांनी समाधानाने रायफल घेतली.

आता काडतुसं. ही दुकानात तयार मिळतात. मामांना ती चालेनात. "सगळ्या पेशंटना एकच डोस? असं कुठे असतं का?" एकदा उडालेलं पितळी नळकांडं घासूनपुसून पुन्हा वापरायचं, त्याच्या बुडाशी ठिणगीची नवी टिकली बसवायची, मोजून पावडर घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची, असा हा घरगुती उद्योग. त्यासाठी त्यांनी वॉशिंग मशीनशेजारच्या ओट्यावर एक हातदाबाचं यंत्र आणि सोनाराला लाज वाटेल असा एक काटा बसवला. गोळीचं टोकसुद्धा चपटंच हवं. या जातीच्या रायफलीत काडतुसं मुख्य नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी झोपतात, एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला, आणि टोक अणकुचीदार असेल तर ते मागून पुढच्याच्या टिकलीवर आपटायचं. "बसच्या रांगेत पुढच्याच्या पाठीला टाचणी लावू नये, इतकं साधं आहे," मामा म्हणाले.

पण भूलतज्ज्ञ एकट्याने डोस भरत नाही. दुसऱ्या माणसाने लेबल मोठ्याने वाचायचं आणि आकडा तपासायचा, हा ऑपरेशन थिएटरमधला नियम. म्हणून दर शनिवारी मामी चष्मा लावून त्या ओट्यापाशी उभ्या राहायच्या.

"पावडरचं नाव?"

मामी डबा डोळ्यांशी धरून नाव वाचायच्या.

"डोस?"

मामी काट्यावरचा आकडा वाचायच्या.

"पेशंट?"

"अहो, पितळी नळी आहे ती! माझी उसळ लागतेय तिकडे."

"पेशंट नंबर, मालू."

"सात. सात नंबर. जाऊ मी?"

अशा रीतीने एका शनिवारी दोन काडतुसं तयार होत. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचं कार्ड, कार्डावर दोन सह्या.

खंडेनवमीला रायफल पाटावर आली. झेंडूचा हार, हळदकुंकू, अक्षता. पण नियमाप्रमाणे ती नजरेआड करता येत नाही, म्हणून मामांनी आख्खी आरती एक हात दस्त्यावर ठेवून, दुसऱ्या हाताने मांडीवर ताल धरून म्हटली. नंतर दोन तास ते कडीच्या खाचेतलं कुंकू कापसाच्या काडीने काढत बसले होते.

आणि कपाटाची किल्ली! ती कुठे असते हे सर्टिफिकेटवाल्याखेरीज घरात कुणालाही ठाऊक असता कामा नये, अगदी बायकोलाही नाही, असा नियम. चाळीस वर्षांच्या संसारात मामींना ठाऊक नसलेली जागा त्या घरात उरली नव्हती, आणि मामांना ठाऊक असलेली एकही नव्हती. मामा किल्ली नव्या जागी लपवायचे आणि जागा विसरायचे. मामी बिचाऱ्या कायद्याने बांधलेल्या. त्या भाजी चिरता चिरता भिंतीला सांगायच्या, "मी काही बघितलेलं नाही आणि मी काही बोलत नाहीये. पण हिवाळ्याचे मोजे आज उन्हात टाकावेत म्हणते, एकेक झटकून." शेवटी मामांनी ती जानव्याला बांधली. तेव्हा कुठे कायद्याचं राज्य आलं.

दर गुरुवारी पहाटे मामा ह्यूच्या शेतावर जात. ह्यू सत्तरीचा, बायको गेलेली, दिवसाला मोजून वीस शब्द बोलणारा. हरणं त्याची कोवळी झाडं सोलून खात, म्हणून त्याला मामा हवे होते. दोघं लाकडी मचाणावर बसत, थर्मासमधला मामींचा आल्याचा चहा पीत आणि परत येत. मामा वहीत सगळं लिहीत. तापमान, वारा, धुकं, किती हरणं दिसली. शेवटचा रकाना होता 'निष्कर्ष', आणि त्यात पाच वर्षं एकच नोंद होती: निरीक्षणाखाली.

सर्टिफिकेटची मुदत संपत आली आणि नूतनीकरणासाठी पोलिसांच्या त्या विभागातल्या एक बाई घरी आल्या. फार सज्जन बाई. त्यांनी कपाट तपासलं, किल्ली तपासली, म्हणजे मामांना शर्टाची वरची बटणं सोडावी लागली, आणि मामींचा चिवडा दोनदा घेतला. मग वही उघडली. पानं उलटता उलटता त्यांनी विचारलं, "डॉक्टर, पाच वर्षांत हरणं किती मारलीत?"

"अजून एकही नाही," मामा म्हणाले. "घाई करून चालत नाही."

बाईंनी वही मिटली. त्या म्हणाल्या की रायफल ज्या कारणासाठी दिली ते कारणच वापरात नसेल, तर वरच्यांना काय लिहायचं हा त्यांच्यापुढे प्रश्न आहे. हरणं मारायचा हिवाळी मोसम अजून महिनाभर आहे. त्या महिनाअखेरीला फोन करतील.

त्या संध्याकाळी मामींनी मला हॅरोला फोन केला. मामी सहसा हसत बोलतात. "तुम्ही या हो गुरुवारी," त्या म्हणाल्या. "रिटायर झाले ना, तेव्हा हे वर्षभर नुसते खिडकीत बसायचे. छत्तीस वर्षं रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, डॉक्टर, तयार? ते बंदच झालं. ही रायफल आली आणि माणूस पुन्हा आदल्या रात्री उद्याचे कपडे काढून ठेवायला लागला. आता ती पण गेली तर काय करू मी यांचं? एक मारू दे बाई त्यांना. आपण कुठे खाणार आहोत, ह्यू खाईल."

मी गेलो. त्या गुरुवारी काय झालं याची कुटुंबातली अधिकृत हकिगत अशी की हरीण आलं, मामांनी नेम धरला आणि ऐन वेळी मला शिंक आली. हरीण पळालं. ईलिंगपासून नाशिकपर्यंत सर्व नातेवाईक गेली दोन वर्षं मला याबद्दल नावं ठेवतात. एका चुलतसासूबाईंनी तर मला निलगिरीचं तेल पाठवलं. मी ते निमूटपणे हुंगतो.

महिनाअखेरीला बाईंचा फोन यायच्या आधी मामांनीच त्यांना फोन केला आणि रायफल परत करतो म्हणून सांगितलं. आम्ही ती त्याच दुकानात नेऊन दिली. मामांनी बरोबर दोन पानी डिस्चार्ज समरी लिहिली होती. दुकानदाराने ती उभ्याने पूर्ण वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. हाताने भरलेली काडतुसं मात्र तो दुसऱ्या कुणाला देऊ शकत नव्हता, ती त्या एका रायफलीच्या मापाने भरलेली. तो म्हणाला, मोडून टाकावी लागतील. "हो, बरोबर आहे," मामा म्हणाले. गुरुवार मात्र चुकला नाही. पुढच्याच गुरुवारी पहाटे ह्यूचा फोन आला. तेवढ्यासाठी त्याने दिवसाच्या वीस शब्दांतले दोन खर्च केले: "डॉक्टर, तयार?" मामींनी त्याला काही सांगितलं होतं की नाही, हे मी विचारलेलं नाही. मामा आता दुर्बीण घेऊन जातात.

पण मामांची परवानगी न घेता मी आज खरं काय ते सांगून टाकतो, कारण निलगिरीचं तेल संपत आलंय. मला शिंक आली नव्हती. पहाट होती, कडक गारठा होता, गवत पांढरं झालं होतं. ह्यू डावीकडे, मी उजवीकडे, मध्ये मामा. साठ पावलांवर झाडीतून एक हरीण बाहेर आलं आणि आडवं उभं राहिलं. मामांनी कडी ओढली, एक नंबरचं काडतूस आत गेलं, रायफल खांद्याला लागली. त्यांचा हात एवढासुद्धा हलत नव्हता. ह्यूने डोळे मिटले. मी मनात म्हटलं, मामा, दाबा. हरणाच्या नाकपुड्यांतून थंडीत वाफ निघत होती, एक, मग थोडं थांबून दुसरी, मग तिसरी. मामांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. ते मोजत होते. घड्याळाशिवाय, सवयीने, पूर्ण मिनिटभर. मग त्यांनी रायफल खाली केली, माझा दंड धरला, आणि सगळ्या दरीला ऐकू जाईल अशा खणखणीत, आनंदी आवाजात म्हणाले, "बघा हो जावईबापू, किती छान श्वास घेतंय!"