नवऱ्याचं नाव न विचारता

बाईला नवऱ्याचं नाव विचारणं म्हणजे तिचा अपमान, असं मी नोकरीत असताना ठामपणे मानायचे. या तत्त्वापायी मी एका पाड्याचा झरा घालवला. नात म्हणते, "आजी, तू काय भारी होतीस गं!" भारी कसली, कडक इस्त्रीच्या साडीतला भोपळा होते.

नाशिकला सरकारी कचेरीत माझ्याकडे दगडखाणीचे अर्ज यायचे. अर्जदारानं किंवा त्याच्या घरच्यांनी पूर्वी कुठे हद्दीबाहेर डोंगर फोडलाय का, कुणाचं पाणी बिघडवलंय का, हे तपासायचं माझं काम. त्र्यंबकेश्वरकडच्या एका पाड्यावर एकानं असे सुरुंग लावले होते, की तिथला झरा निम्म्यावर आला. त्याची खाण आम्ही बंद पाडली होती.

पुढे त्याच डोंगरासाठी एका बाईचा अर्ज आला. बाई, आणि दगडखाणीला! तोवर माझ्या टेबलापुढे नुसत्या मिशाच यायच्या. शेजारचा कारकून म्हणाला, "मॅडम, मिस्टरांचं नाव विचारून घ्या की."

"तुम्हाला नोकरी देताना बायकोचं नाव विचारलं होतं का कुणी?" मी त्याला झापलं.

लग्नानंतरही मी माहेरचंच नाव लावत होते. तिनंही लावलेलं. वर ती म्हणाली, "ताई, तुमच्यासारखं पाठीशी उभं राहणारं कुणी भेटलंच नाही हो." झालं, मी विरघळले. तिच्या माहेरच्या नावावर एकही डाग निघाला नाही. निघणार कुठून? मी अर्ज मंजूर करून टाकला. संक्रांतीला मी तिला घरी बोलावून वाण दिलं, चारचौघींत मैत्रीण म्हणून मिरवलं.

त्यानंतरच्या दिवाळीआधीच पाड्यावरची एक म्हातारी कचेरीत आली. "झरा गेला, बाई. सुरुंग परत सुरू हायेत. ही खाणवाली त्याचीच बायको. पाड्यावर शेंबड्या पोरालाबी ठावं हाय, तुमालाच कसं नाय?"

मी तिथल्या तिथे खाण थांबवण्याचा अहवाल लिहिला. खाण थांबली, पण झरा काही परतला नाही. आजही त्या पाड्यावर टँकर जातो.

अहवाल लिहिला त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तो जुना खाणवाला, तिचा नवरा, सोफ्यावर पेपर वाचत बसला होता. मला बघून अदबीनं उठला, नमस्कार करून आत गेला. मी दारातूनच तिला विचारलं, "मैत्रीण म्हणवून घेतलंस ना गं? मग मलाच का फसवलंस?"

ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर इतक्या खूश होतात, की यांचं नाव सांगायचं माझ्याच जिवावर आलं. आत या ना, दारात का उभ्या?"