घराण्याचा इतिहास

आज स्वतःचीच लाज वाटली, म्हणून लिहितेय.

म्हातारपणातल्या कंपवातावर ज्याच्या-त्याच्या जनुकांनुसार औषध शोधायचं, हे आमचं संशोधन. त्यासाठी पाथरीजवळच्या माझ्याच गावात रक्ताचे नमुने घेत होते.

बौद्धवाड्यातले किसनबाबा आले. फॉर्ममधला ठरलेला प्रश्न मी विचारला, "घराण्यात आणखी कुणाचे हात असे थरथर कापायचे का?"

"कुणालाच न्हाई. इद्यापीठाच्या नामांतराच्या वक्ताला आमचं घर जाळलं, तवापासून माझे हात कापायलेत."

"कुणी जाळलं?" मी वेड्यासारखं विचारून बसले.

बाबा हळूच म्हणाले, "ते तुमच्या घराण्यात इचारा, ताई."

घरी येऊन वडिलांना विचारलं. त्यांनी मान वर केलीच नाही.

किसनबाबांच्या फॉर्मवर 'घराण्याचा इतिहास' हा रकाना अजून कोरा आहे. त्यात कुणाचं घराणं लिहू, सांगाल?