मुंग्यांची रांग पुसायची नाही

पलासियातल्या शेजाऱ्यांनो, आज सकाळी बाबांच्या पायाची पट्टी बदलायला गेले, तर तिच्यावर बारीक पिवळ्या मुंग्या. बाबांना शुगर आहे, त्या पायाला काही जाणवत नाही. त्यांना कळलंच नव्हतं.

जखम धुतली, नवी पट्टी बांधली आणि पेस्ट कंट्रोलवाल्या भियांना फोन केला. ते म्हणाले, "स्प्रे मत मारना दीदी, एक बस्ती की चार हो जाएँगी. बेट रखेंगे, वो खुद रानी तक ले जाएँगी."

दुपारी येऊन त्यांनी भिंतीकडेला ते बेट, म्हणजे मुंग्या मारायच्या गोड औषधाचे थेंब, ठेवले. मुंग्या एकमेकींच्या वासावर चालतात, म्हणून रांग पुसू नका, असं बजावून गेले. आम्ही बाबांचा पलंग हॉलमध्ये आणला आणि त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

आई दोनदा फिनाइलचं फडकं घेऊन आली. दोनदा मी तिचा हात धरला.

"तुला बघवतं कसं गं?"

नाहीच बघवत. थेंबांभोवती मुंग्यांची गर्दी वाढतेय आणि मी सारखी बाबांचा पाय तपासतेय.

"बस जरा," बाबा म्हणाले. "दुखत नाहीये मला."

त्याचीच तर भीती वाटते.

काही दिवस लागतील म्हणे. तुमच्यापैकी कुणी हे केलंय का? तोवर हात बांधून कसे बसलात?