मुलुंडच्या दुकानाच्या अकरा फळ्या

आई गावी दुसऱ्यांच्या शेतात भात लावायची आणि बाबा मुलुंडला एका धान्याच्या दुकानात पोती उचलायचे. खोली परवडत नव्हती, म्हणून दुकानाच्याच बाहेरच्या ओट्यावर झोपायचे. स्वतः शाळेची पायरी चढले नाहीत, मला मात्र आर्किटेक्ट केलं.

ते दुकान पाडणार असं कळलं. त्याचा नकाशा कुठेच नव्हता. पाडायच्या आत मला तो काढायचा होता. टेप घेऊन चिपळूणहून एकटीच निघाले. बाबा असते तर सोबत आले असते.

स्टेशनजवळच्या मुख्य रस्त्यावर इमारत अजून उभी होती. खाली गाळे, वर दुकानमालक शेठजींचं घर, मंगलोरी कौलं, सज्ज्याला सागवानी टेकू. दोन्ही बाजूंना काचेची दुकानं. वर मान करून बघणारी मी एकटीच.

म्हाताऱ्या शेठजींना बाबांचं नाव सांगितलं. त्यांना आठवेना. मनाला लागलं, पण टेप उघडली. पूर्वी दुकान उभ्या लाकडी फळ्या लावून बंद करायचे; दर्शनी बाजू मला त्या फळ्या लावून नकाशात काढायची होती. लोखंडी शटर आल्यापासून त्या छताखालच्या माळ्यावर पडून होत्या. शेठजींनी चहा-खारी दिली आणि म्हणाले, लावायच्या तर लाव.

फळ्यांवर आकडे होते. त्या क्रमाने लावत गेले, पाचवी बसेना. कड तासायला मी रंधा मागितला, तसे ते हसले.

"कॉलेजवाली ना तू? आकडे बघत बसलीस. उंबरा खचला तेव्हा फळ्या कापून जागा बदलल्या, आकडे तसेच राहिले. एक हमाल होता, इथेच ओट्यावर झोपायचा, त्याला वाचता येत नव्हतं. त्याने कडेला खाचा पाडल्या. त्या मोज."

"शेठजी, तेच माझे बाबा."

"असेल. नाव कोण लक्षात ठेवतो, बेटा?" म्हणत ते गिऱ्हाइकाकडे वळले.

खाचांचं बाबा घरी कधी बोलले नव्हते. मी सगळ्या फळ्या काढल्या आणि कडा चाचपल्या. एक खाच, दोन खाचा, तीन. अकरा खाचांची फळी तळहाताच्या दाबाने आत गेली. रस्ता ओलांडून फळ्यांनी बंद झालेलं दुकान पाहिलं. दाखवायला कोणी नव्हतं. मग उभ्यानेच मापं लिहून घेतली.

परतताना एसटीत कागद मांडीवर होता. नकाशात फळ्यांना आकडे घातले नाहीत, खाचा काढल्या.

आता ती इमारत नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि त्या इमारतीचा नकाशा मी पूर्ण केला.