आधी गल्ला सांगा

“आधी तिकिटाचा गल्ला किती झाला ते माईकवर सांगा, मंगच मी हात मिळवतो,” रंगनाथ पैलवान आखाड्याच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. अंगाला तांबडी माती, कमरेला लंगोट, समोर जोडीचा पैलवान गोंधळून उभा आणि भोवती पंचक्रोशीतली झाडून सगळी माणसं. नेवाशापासून श्रीरामपूरपर्यंत त्या दुपारी कुणी मेलं असतं तर खांदा द्यायला चौथा माणूस सापडला नसता, एवढी गर्दी. मी शाळेत मास्तर आणि त्या मैदानाचा निवेदक होतो, तेव्हा माझ्या आकड्यांमधली शून्यं वाचकांनी आपापल्या सोयीने काढून टाकावीत. पण रंगनाथची वाक्यं मी जशीच्या तशी देतो आहे. “निम्मा गल्ला लढनाऱ्यांचा,” तो म्हणत होता. “माझ्या एकल्याचा न्हाई. सकाळधरनं जेवढे लढले त्या समद्यांचा.”

तो रंगनाथ गेला, त्याला आता सहा आठवडे झाले. घोडेगावच्या बाजारात म्हशी उतरवून टेम्पोत बसला, स्टेअरिंगवर डोकं टेकवलं, आणि मागचा टेम्पोवाला वाट मोकळी व्हावी म्हणून हॉर्न वाजवत राहिला... सत्तेचाळीस वर्षांचा होता. बातमी मला फोनवर कळली.

आमच्याकडे कुस्त्यांचं मैदान कसं भरतं, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. जत्रेआधी आमच्या गावची कमिटी घरटी वर्गणी काढते, पाळणेवाले-भेळवाले यांच्याकडून जागेचं भाडं घेते, फ्लेक्सवर दात काढून हसायचे प्रत्येक पुढाऱ्याकडून वेगळे घेते आणि वर तिकीट लावते. त्या फ्लेक्सवर पुढाऱ्याचं डोकं गाडीच्या चाकाएवढं आणि ज्याला बघायला माणसं येतात तो पैलवान खाली कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा. इनाम जाहीर व्हायचं लाखाचं. जाहीर मीच करायचो, ‘लाख’मधला ‘ला’ असा लांबवायचो की लोक तेवढ्यात चहा पिऊन परत यायचे. पण ते इनाम कुस्ती चितपट झाली तरच. बड्या जोड्या वीस मिनिटं झुंजवायच्या, पंचाने शिट्टी मारून बरोबरीत सोडवायच्या, आणि मग दोघांना पाकिटातून कमिटीच्या मनाला येईल ते. पाकीट देताना मात्र फेटा, नारळ, शाल आणि आठ पुढाऱ्यांचे हात. मी स्वतः पाहिलंय, पाकीट धरायला एवढे हात होते की पैलवानाचा हात फोटोत आलाच नाही.

लहान जोडीतल्या पैलवानांचं तर याहून वाईट. जिंकला की हात जोडून प्रेक्षकांतून फिरायचं, लोक दहाची, पन्नासची नोट तळहातावर ठेवतात. आम्ही याला कौतुक म्हणायचो. रंगनाथला ओकारी यायची. विशीत असताना एकदा त्याने अख्खं मैदान मारलं आणि फेरी न मारता सरळ कपड्यांपाशी येऊन बसला. मी म्हणालो, “अरे जा की, लोकं नोटा काढून बसलेत.”

“क्रिकेटवाला शतक मारून टोपी घिऊन मान्सांत फिरतो का रं?” त्याने विचारलं.

“त्यांचं वेगळं असतं रंगा.”

“व्हय. त्यांची टोपी चांगली असती,” तो म्हणाला आणि सदरा चढवायला लागला.

क्रिकेटवर त्याचा राग होता असं समजू नका. त्याच कमिटीने त्याच पटांगणात टेनिस बॉलचे सामने भरवले तेव्हा हा पहिल्या रांगेत. एका पोराने तीन दिवस बॅट फिरवली आणि मोटारसायकल घेऊन घरी गेला. रंगनाथने वीस वर्षं माती खाल्ली, गावातल्या सगळ्या म्हशींचं दूध प्यायला (तीन म्हशी, पण मला त्या नेहमी तीस दिसायच्या), बापाचं अर्धं उत्पन्न बदाम-तुपात घातलं, कान फुटून त्यांची भजी झाली, आणि त्याच्या घरी कमिटीकडून आली ती शाल. अशा अकरा शाली होत्या. एवढ्या शाली पांघरून माणूस उन्हाळ्यात मरायचा, पण त्यातली एकसुद्धा किराणावाला घेत नव्हता.

एकदा बाजारात भेळ खाताना तिच्या कागदावर परदेशी खेळांच्या कमाईचा लेख निघाला. त्याने मला तो वाचायला लावला, कागदाला लागलेली चटणी स्वतःच्या बाहीने पुसून. तिकडे बास्केटबॉल खेळणाऱ्यांनी संघटना करून, करार करून, खेळाच्या उत्पन्नातला निम्म्याच्या आसपासचा वाटा मिळवलाय. आपल्या क्रिकेटवाल्यांनाही मंडळाच्या उत्पन्नातला वाटा ठरवून मिळतो. आणि पिंजऱ्यात एकमेकांची नाकं फोडणारे लढवय्ये, ज्यांच्या एकेका लढतीवर जगभर पैसा ओततात, त्यांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडं येतं. बाकीचं लढती भरवणारी कंपनी ठेवते. मला वाटलं, रंगनाथ चिडेल. त्याने कागदाची घडी केली, खिशात टाकली आणि म्हणाला, “म्हंजी तिकडं बी पैलवान त्यो पैलवानच.” मग भेळ चिवडता चिवडता म्हणाला, “एकल्या एकल्यानं लढतो ना आपन. मागतो बी एकल्यानंच. तितं फसतं.”

हे त्याला कळलं, त्याच वर्षी जत्रेत तो प्रकार झाला, जिथून मी सुरुवात केली. आता पुढचं सांगतो. इथून पुढे मात्र एकही शून्य कमी करायचं नाही.

रंगनाथ ओरडत होता आणि सकाळपासून लढलेली पंचवीस-तीस पोरं, अंगाची माती न धुता, एकेक करून त्याच्या मागे येऊन उभी राहायला लागली होती. असं आमच्या पटांगणात कधी घडलं नव्हतं. कमिटीचे अध्यक्ष माझ्या कानाशी आले. त्यांच्या तोंडाला विलायचीचा वास होता. “पुढची जोड पुकारा,” ते म्हणाले, “आणि आवाज वाढवा.” माझ्या हातात माईक होता. तो मी रंगनाथपुढे धरला असता तर त्याचं म्हणणं मागच्या रांगेपर्यंत गेलं असतं. मी आवाज वाढवला. हलगीवाल्यांना खूण केली. पुढची जोड अशी पुकारली की कर्ण्यातून ठिणग्या पडाव्यात. रंगनाथचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. मागच्या लोकांना वाटलं, गडी भ्यायला. “पळाला, पळाला” सुरू झालं. मागची पोरं एकेक करून बसली. त्याने वाकून माती कपाळाला लावली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेला.

त्यानंतर आसपासच्या कुठल्या मैदानाने त्याला बोलावलं नाही. जुन्या टेम्पोत तो जनावरं वाहायला लागला. माझ्याशी बोलणं तोडलं नाही, हा त्याचा मोठेपणा म्हणावा की शिक्षा, मला अजून ठरवता आलेलं नाही. बोलायचा, हसायचा, भेळ खाऊ घालायचा. त्या दिवसाचा विषय तेवढा निघत नसे. मी काढत नसे म्हणून निघत नसे.

दशक्रियेला प्रवरेच्या घाटावर पांढऱ्या गाड्यांची रांग लागली. प्रत्येकाला दोन मिनिटं ठरलेली. प्रत्येकाने वीस घेतली. ‘मातीतला हिरा’ मी नऊ वेळा मोजला. एका पुढाऱ्याने तर स्वतःच्याच निवडणुकीची गोष्ट सांगितली आणि शेवटी रंगनाथचं नाव विचारून घेतलं. मग तेच अध्यक्ष उठले. डोळ्यांपाशी रुमाल होता. पुढच्या जत्रेत ‘कै. रंगनाथ पैलवान स्मृती मैदान’, चांदीची गदा, तिकीट फक्त दोनशे. पिंडाला कावळा शिवायच्या आधी तिकीट जाहीर झालं.  मी बसल्या जागेवरून विचारलं, “त्यातलं निम्मं लढणाऱ्यांना देणार का?” अध्यक्ष माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघत म्हणाले, “आज दुःखाचा प्रसंग आहे गुरुजी. आज हिशेब काढू नये.” आणि जाताना खांद्यावर हात ठेवून वर म्हणाले, “निवेदन मात्र तुम्हीच करायचं. तुमच्याशिवाय माणसं जमत नाहीत.”

मी तिथल्या तिथे नाही म्हणालो नाही. दोन दिवस लागले. हे लिहिताना मला कमिटीपेक्षा त्या दोन दिवसांची जास्त किळस येते.

नकार कळवला आणि तसाच रंगनाथच्या घरी गेलो. कुसुमवहिनी ओट्यावर बाजरी निवडत होत्या. मी खूप बोललो. अध्यक्षांना काय काय सुनावलं ते जरा वाढवूनच सांगितलं. मग बोलणं संपलं, आणि जे सांगायला आलो होतो ते राहिलं होतं. म्हणालो, “वहिनी, त्या जत्रेत मी आवाज वाढवला नसता तर त्याचं मागणं लोकांनी ऐकलं असतं. पोरं उभी राहिली होती. पण त्या वर्षी कमिटीनं माझं मानधन एकदम दुप्पट केलं होतं. मी त्याला जागलो.”

वहिनींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. “कमिटीवाले कुस्ती ठरवायला आले तवा ह्यांनीच त्यास्नी सांगितलं हुतं, दुप्पट द्या म्हनून. घसा बसतो म्हनले तुमचा.”