दोरीतल्या काळ्याला बिस्किट

कडा गावात गाडी बदलली तेव्हा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी तुंबला होता. शिरूर कासारला उतरलो, तर सगळीकडे सामसूम. निम्मं गाव कोयत्याला (ऊसतोडीला) गेलेलं. मित्राच्या बंद घराची किल्ली घेऊन आलो होतो. सिंदफणा नदीच्या काठानं भटकायचं आणि तुम्हा वाचकांसाठी चार ओळी लिहायच्या, एवढाच बेत.

सकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पिताना कौसाबाई दिसल्या. दोन्ही डोळ्यांनी अंध. हातात कासरा (बैलाची दोरी), दुसऱ्या टोकाला काळं गावठी कुत्रं. काळीपिवळी जीप निघून जाईपर्यंत ते थांबलं, मग बाईंना रस्ता ओलांडून आमच्या बाजूला घेऊन आलं. ज्यांच्या घरचे तोडीला गेलेत अशा पोरांसाठी शाळेत वसतिगृह चालतं, तिथं त्या भाकरी थापायला जातात, असं हॉटेलवाल्यानं सांगितलं. मी खूश होऊन कुत्र्यापुढे बिस्किट टाकलं. दुसऱ्या दिवशीही टाकलं. या काळ्याला गावात कुणी तुकडा घालत नाही, असं हॉटेलवाला पुटपुटला. काय कंजूष गाव आहे, असं माझ्या मनात आलं.

तिसऱ्या दिवशी काळ्यानं मला पलीकडूनच हेरलं आणि न थांबता दोरी ओढत धावला. जीपनं करकचून ब्रेक मारला. कौसाबाई डांबरावर पडल्या. मी धावत जाऊन त्यांना उठवलं. तळहात सोलवटले होते.

"बिस्किटं तुमीच घालता व्हय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"कशापायी? दोरीत असला की त्याला काई घालू नका, म्हून मी घरोघर सांगितलंय. लेकरं बी ऐकत्यात. तुमी तर जाल निघून. ह्यो रोज हितं वळंल. मंग मी कामाला कशी जाऊ?"

माझी मान खाली गेली. परदेशात अंधांना वाट दाखवणारं असं कुत्रं पाहिलं होतं. त्याच्या अंगावर छान पट्टा होता, त्यामुळे कुणी न सांगताही मी हात खिशात ठेवले होते. इथं पट्ट्याच्या जागी जुना कासरा होता आणि कुत्रं गावठी. मी त्याला कामावरचं कुत्रं मानलंच नाही.

"उद्या हितंच बसा," त्या म्हणाल्या. "आला की हाकला त्याला. माज्यासमोर."

दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं. कौसाबाई हाताला फडकी बांधून आल्या, दोरी आखडून धरलेली. काळ्या शेपूट हलवत माझ्याकडे वळला.

"हाड," मी हळूच म्हणालो.

"जोरात," कौसाबाई म्हणाल्या.

मी ओरडलो. हात उगारला. काळ्याचं शेपूट पायांत गेलं, तो बाईंच्या लुगड्याला चिकटला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, दोरी हलवली आणि दोघं शाळेकडे गेले.

दुपारी गाडीत बसलो तेव्हा ते परत येताना दिसले. काळ्या रस्त्याच्या कडेला थांबला, जीप जाऊ दिली आणि बाईंना घेऊन सरळ पलीकडे गेला. माझ्या खिडकीकडे त्यानं पाहिलंही नाही. हवं होतं ते हेच. तरीही गाव मागे पडेपर्यंत मी मान वळवून बघत होतो, त्यानं एकदा तरी माझ्याकडे पाहावं म्हणून. घरी आल्यावर बिस्किटांपेक्षा जास्त लाज वाटते ती याची.